कळपाच्या मागून चाललेला मेंढपाळ : डॉ. विल्यम शेड

कॅरी, जडसन, लिव्हिंगस्टन ही नावे आपल्या शब्बाथ शाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत त्या सेवकाचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. पण इराणच्या अश्शूरी ख्रिस्ती लोकांत आणि मिशनच्या इतिहासात ते चांगले परिचित आहे. डॉ. विल्यम अँब्रोज शेड हे ते नाव. डॉक्टर म्हणजे वैद्य नव्हेत, ते ईश्वरविज्ञानाचे डॉक्टर होते. त्यांनी मोठी मंडळी स्थापली नाही की नवीन देश शोधला नाही. महायुद्धाच्या वणव्यात सापडलेल्या एका लहानशा ख्रिस्ती समाजाबरोबर ते शेवटपर्यंत राहिले आणि १९१८ साली रस्त्याच्या कडेला मरण पावले. पण त्यांच्या आयुष्याने जो प्रश्न उभा केला, तो अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या प्रत्येक मंडळीचा आहे. संकटकाळी आपण कोणाच्या आधारावर उभे राहायचे?

गाव आणि मंडळी

उरमिया हे गाव इराणच्या वायव्य कोपऱ्यात, खाऱ्या पाण्याच्या एका मोठ्या सरोवराच्या पश्चिमेस आहे. गावाभोवती सुपीक मैदान, द्राक्षांचे मळे, शेकडो खेडी. पश्चिमेकडे कुर्द टोळ्यांचे डोंगर, आणि त्या डोंगरांपलीकडे त्या काळी तुर्कांचे साम्राज्य. उत्तरेस रशिया. तीन राज्ये जेथे एकमेकांस भिडतात अशा या जागी मुसलमान, यहूदी, आर्मेनियन आणि अश्शूरी ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राहत आले होते.

हे अश्शूरी ख्रिस्ती म्हणजे प्राचीन पौर्वात्य मंडळीचे लोक. बाहेरचे लोक त्यांना नेस्तोरियन म्हणत. आपल्या प्रभूच्या बोलीशी जवळचे नाते असलेली सिरियाक भाषा ते बोलत. एके काळी या मंडळीचे उपदेशक चीनपर्यंत गेले होते. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्याण येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हे कल्याण आपल्या मुंबईजवळचेच असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे या मंडळीचे आपल्या भूमीशी जुने नाते आहे.

दुसरेही एक नाते आहे. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात ज्या अमेरिकन बोर्डाने काम सुरू केले, त्याच बोर्डाने १८३५ साली जस्टिन पर्किन्स यांच्या हस्ते उरमियात ठाणे घातले. अहमदनगरास १८४२ मध्ये ज्ञानोदय निघाला. उरमियात १८४९ मध्ये प्रकाशाचे किरण अशा अर्थाच्या नावाचे सिरियाक मासिक निघाले. पुढे १८७० साली उरमियाचे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले, आणि वाइल्डर साहेबांचे कोल्हापूरचे मिशनही त्याच साली त्याच बोर्डाने हाती घेतले. कोल्हापूर, सांगली, मिरज या बाजूच्या मंडळ्या आणि उरमियाची मंडळी या एका अर्थी एकाच घरातल्या बहिणी होत.

बालपण आणि सेवेचा आरंभ

विल्यम शेड यांचा जन्म २४ जानेवारी १८६५ रोजी उरमियाजवळच्या सेर टेकडीवरील मिशनच्या घरात झाला. त्यांचे वडील जॉन शेड हेही मिशनरी होते. पाळण्यातच सिरियाक कानी पडल्यामुळे ती त्यांना मातृभाषेसारखी झाली.

विल्यम पंधरा वर्षांचे असताना, १८८० साली, शेख उबैदुल्ला नावाचा कुर्द पुढारी मोठी फौज घेऊन उरमियावर चालून आला. मिशनचे डॉक्टर जोसेफ कॉक्रन यांनी पूर्वी या शेखाला औषधोपचार केले होते. त्या ओळखीमुळे डॉक्टरांचा शब्द शेखाने मानला, गावाला थोडी उसंत मिळाली आणि मिशनच्या आश्रयास आलेली माणसे वाचली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिची पुन्हा गरज लागणार आहे.

अमेरिकेत मॅरिएटा कॉलेजात आणि नंतर प्रिन्स्टन येथील सेमिनरीत शिक्षण घेऊन शेड १८९२ साली उरमियास परत आले. तेव्हापासून शाळांची देखरेख, उपदेशकांचे शिक्षण, खेडोपाडीच्या फेऱ्या, हिशेब असे सगळे काम त्यांनी केले. पूर्वेकडील मंडळ्यांचा इस्लामशी शतकानुशतके कसा संबंध आला यावर त्यांनी प्रिन्स्टनला व्याख्याने दिली, आणि ती १९०४ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षी त्यांचे सहकारी बेंजामिन लॅबरी यांचा प्रवासात खून झाला. अपराध्यांना शिक्षा व्हावी म्हणून खटपट करताना कायदा, सरकारी अंमलदार आणि टोळ्यांचे नायक यांच्याशी कसे बोलावे लागते हे शेड यांना पुरते कळले. पुढील काळात हाच अनुभव त्यांच्या कामी आला, आणि त्यांना राजकारणाच्या गुंत्यात ओढणाराही तोच ठरला.

नावापुरते स्वतंत्र राष्ट्र

इराण तेव्हा नावाने स्वतंत्र होते. पण १९०७ साली रशिया आणि इंग्लंड यांनी आपसांत करार करून त्या देशाचे प्रभावक्षेत्रांत वाटे केले. उत्तर रशियाच्या वाट्याला, आग्नेय भाग इंग्लंडच्या, आणि मधला पट्टा कोणाचाच नाही. देश ज्यांचा, त्या इराणी लोकांना कोणी विचारलेही नाही. तेहरानच्या सरकारजवळ स्वतःचे म्हणावे असे सैन्य नव्हते. कसाक ब्रिगेड रशियन अंमलदारांच्या हाती आणि रस्त्यांवरील शिपाई स्वीडनच्या अंमलदारांच्या हाती. राजसत्ता अशी दुबळी झाली की डोंगरातल्या टोळ्या आपापल्या नायकांच्या हुकमात वागू लागतात, आणि परकी राज्ये त्या नायकांना बंदुका व पैसा देऊन आपल्या बाजूला ओढतात. दक्षिणेत जर्मन हस्तकांनी टोळ्यांना इंग्रजांविरुद्ध उठविले. वायव्येस तुर्क आणि रशियन दोघेही कुर्द नायकांना वश करू पाहत होते. उरमियाच्या ख्रिस्ती लोकांकडेही परके असेच पाहू लागले. कोणाच्या तरी पटावरची प्यादी, एवढीच त्यांची किंमत.

१९१४ च्या नोव्हेंबरात इराणने आपण युद्धात कोणाच्याच बाजूचे नाही असे जाहीर केले. ते कोणी मानले नाही. रशियन फौज उरमियात होतीच, आणि तुर्क सरहद्दीवर टपलेले होते.

आवारातले पाच महिने

२ जानेवारी १९१५ रोजी रशियन फौज अचानक उरमिया सोडून निघाली. हजारो ख्रिस्ती लोक ऐन हिवाळ्यात तिच्यामागे उत्तरेस पळाले. ज्यांना पळता आले नाही ते खेड्यांतून गावातल्या मिशनच्या आवारात आले, कारण खेडी लुटली जात होती आणि जाळली जात होती. अमेरिका त्या वेळी युद्धात नव्हती, म्हणून आवाराच्या दारांवर अमेरिकेचे निशाण लावण्यात आले. त्या निशाणाखाली दहा ते पंधरा हजार माणसे गोळा झाली. आणखी काही हजार फ्रेंच कॅथलिक मिशनच्या आवारात होती. शाळेच्या खोल्या, देवळाचे बाक, जिने, तळघरे, सर्वत्र माणसेच माणसे. कित्येकांना पाय पसरून निजता येत नव्हते.

शेड यांच्यावर या सर्वांच्या पोटाची आणि जिवाची जबाबदारी आली. रोजची भाकर मिळवायची, ती वाटायची, तुर्की अंमलदारांकडे जाऊन विनवण्या करायच्या, पकडलेल्यांसाठी खंडणी भरायची, आणि मेलेल्यांस पुरायचे. हगवण आणि विषमज्वर यांनी आवारात थैमान घातले. पाच महिन्यांत सुमारे चार हजार माणसे रोगाने दगावली. मिशनरीही एकामागून एक अंथरुणास खिळले. शेड यांच्या पत्नी लुईस यांनी त्या साथीतच देह ठेवला.

या काळातील दोन गोष्टी आम्ही मुद्दाम सांगतो. फ्रेंच मिशनवरही निशाण होते, पण फ्रान्स युद्धात असल्यामुळे त्या निशाणाला तुर्कांच्या लेखी मान नव्हता. तेथून कित्येक पुरुषांना बाहेर नेऊन ठार करण्यात आले. म्हणजे निशाणाचे बळ कापडात नव्हते. ते दूरच्या राजधान्यांतील हिशेबावर अवलंबून होते.

दुसरी गोष्ट गेओगतापा या खेड्याची. तेथील ख्रिस्ती लोक टेकडीवरच्या देवळात अडकले होते आणि कुर्द टोळ्यांनी त्यांना वेढले होते. मिशनचे डॉक्टर हॅरी पॅकार्ड घोड्यावर बसून थेट त्या टोळ्यांत गेले. ज्या नायकांशी बोलायचे त्यांतले काही त्यांच्या ओळखीचे होते, कारण डॉक्टरांनी त्यांच्या लोकांवर इलाज केला होता. पुष्कळ बोलाचालीनंतर ठरले की बंदुका कुर्दांनी घ्याव्या आणि माणसे डॉक्टरांनी. शेकडो स्त्रीपुरुष आणि मुले त्या रात्री जिवंत बाहेर पडली. पस्तीस वर्षांपूर्वी डॉ. कॉक्रन यांच्या औषधाने जे केले तेच पुन्हा झाले. यास मुसलमान शेजाऱ्यांचीही जोड द्यायला हवी. त्या दिवसांत ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या घरात लपविणारे मुसलमान होते, आणि शेड यांनी आपल्या वृत्तांतात त्यांची आठवण ठेवली.

निशाण आणि बंदूक

मे १९१५ मध्ये रशियन परत आले. त्याच वर्षी हक्कारीच्या डोंगरांतून, तुर्की मुलुखातून, अश्शूरी टोळ्या आपले कुलपती मार शिमुन बिन्यामीन यांच्यासह निराश्रित होऊन खाली आल्या. हे डोंगरी लोक लढवय्ये होते. घरदार आणि मेंढरे गमावून आलेले हे पाहुणे उरमिया व सलमास येथील गरीब खेड्यांत मावेनात. मुसलमान गावकऱ्यांशी त्यांच्या चकमकी होऊ लागल्या, आणि या डोंगरी लोकांच्या हातूनही लुटालूट झाली. हे लपविणे बरोबर होणार नाही.

१९१७ साली रशियात क्रांती झाली आणि रशियन सैन्य विस्कळीत होऊन घरी निघाले. तुर्कांस अडवायला कोणी उरले नाही. तेव्हा इंग्रज व फ्रेंच अंमलदारांनी अश्शूरी लोकांना शस्त्रे घेऊन उभे राहण्यास उत्तेजन दिले आणि मदतीची आशा दाखविली. त्यातच इराणभर दुष्काळ पडला होता. मदतनिधीचे धान्य-पैसे शेड यांच्या हातून वाटले जात होते. १९१८ च्या आरंभी त्यांनी अमेरिकेचे मानद व्हाइस-कॉन्सल हे पदही पत्करले.

येथे आमच्या मते या चरित्राचा सर्वांत कठीण भाग येतो. पाळकाने असे पद घ्यावे काय? घेण्यास कारण होते. गावात रशियन नव्हते, इराणी सरकारचा अंमल नावापुरता होता, आणि हजारो लोकांच्या वतीने कोणाशी तरी बोलणारा मनुष्य हवा होता. पण त्याची किंमतही होती. मिशनचे घर आतापर्यंत सर्वांचे होते; ते आता एका बाजूची कचेरी दिसू लागले. आपल्या देशात आपल्याच प्रजेला परक्यांनी शस्त्रे द्यावी हे इराणी अंमलदारांना रुचेल कसे? आणि शेजारच्या मुसलमानाला असे वाटले की ख्रिस्ती माणूस आता शेजारी राहिला नाही, परक्यांचा शिपाई झाला, तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही.

फेब्रुवारी १९१८ मध्ये उरमियात ख्रिस्ती व मुसलमान यांच्यात लढाई पेटली आणि ख्रिस्ती वरचढ ठरले. त्या वेळी गावातील मुसलमान पुढारी शेड यांच्याकडे शांततेची याचना करण्यास आले. शेड मध्ये पडले. तीन वर्षांपूर्वी ज्या आवारात ख्रिस्ती बायकामुले थरथरत बसली होती, त्याच मिशनच्या आश्रयाला आता मुसलमान बायकामुले आली. शेड यांच्या मनात कोण आपला आणि कोण परका याचा हिशेब वेगळा होता हे यावरून दिसते. पण सूडाची आग एका माणसाने विझत नाही. मार्च महिन्यात सिम्को या कुर्द नायकाने तहाच्या बोलणीसाठी मार शिमुन यांना बोलावले आणि निरोप घेऊन निघताना त्यांना दगा करून ठार केले. त्यानंतर अश्शूरी लोकांनी घेतलेल्या सूडात निरपराध माणसे मेली. दोन्ही बाजूंचे रक्त सांडले, आणि दोन्हीकडच्या मातांनी मुले गमावली.

शेवटची वाट

उन्हाळ्यात तुर्की फौजांनी उरमिया वेढले. जुलै महिन्यात एक इंग्रज विमान गावात उतरले आणि दक्षिणेकडून इंग्रजांची मदत येत आहे असा निरोप मिळाला. लोकांनी आनंदाने आकाशाकडे पाहिले. पण ती मदत घेण्यासाठी अश्शूरी सेनापती आगा पेत्रोस आपली माणसे घेऊन दक्षिणेस गेला असता, मागे गावात घबराट पसरली. जुलैच्या अखेरीस सारा समाज उठून दक्षिणेकडे पळत सुटला. सत्तर ते ऐंशी हजार माणसे, बैलगाड्या, गाढवे, गुरे, डोक्यावर गाठोडी आणि कडेवर मुले. जवळजवळ पाचशे किलोमीटर दूर असलेले हमदान हे त्यांचे आशास्थान.

मिशनऱ्यांपैकी डॉ. पॅकार्ड व आणखी काही जण गावातच राहिले, कारण म्हातारे, आजारी आणि अनाथ तेथेच होते. शेड यांनी निघालेल्यांबरोबर जाण्याचे ठरविले. त्यांच्या पत्नी मेरी त्यांच्यासमवेत होत्या. या लोंढ्यात शेड पुढे नव्हते. ते सर्वांच्या मागे चालत होते, कारण थकलेले, चुकलेले, गाडी मोडलेले लोक मागे राहत होते आणि हल्ले होत ते मागच्यांवरच. आपल्याकडे धनगर कळप हाकताना पुष्कळदा मागून चालतो, म्हणजे लंगडे कोकरू त्याच्या नजरेतून सुटत नाही. तसेच हे.

सैन कला गावाजवळ पाठलाग करणाऱ्यांनी शेपटीकडच्या लोकांना गाठले. शेड यांनी पळणाऱ्यांना धीर देऊन थांबविले, पुरुषांना गोळा केले आणि बायकामुलांना पुढे सरकण्यास वेळ मिळवून दिला. त्या दगदगीनंतर त्यांना पटकी झाली. औषध नाही, डॉक्टर नाही, स्वच्छ पाणी नाही. गाडीत निजवून त्यांना पुढे नेत असताना ७ ऑगस्ट १९१८ रोजी त्यांचा प्राण गेला. वय त्रेपन्न. मेरीबाईंनी त्यांना वाटेवरच घाईने खोदलेल्या कबरेत ठेविले आणि पुढची वाट धरली, कारण थांबायला वेळ नव्हता. पुढे १९२२ साली त्यांनीच आपल्या पतीचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.

हजारो लोक त्या रस्त्यावर मेले. वाचलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांना इंग्रजांनी बगदादजवळ बाकुबा येथील तंबूंच्या छावणीत ठेविले. त्याच इराकच्या भूमीवर आपल्या मराठा पलटणींचे शिपाई लढले होते. १९१६ साली कूतच्या वेढ्यात सापडलेल्यांत मराठे शिपाई होते. ज्या मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे तिच्या इतिहासात त्या मोहिमेची नावे आढळतात. तेव्हा हे युद्ध आपल्यापासून फार दूरचे होते असे समजू नये.

आपणांसाठी बोध

अश्शूरी लोकांना मिळालेली आश्वासने युद्धानंतर विरून गेली. रशिया निघून गेला, फ्रेंच अंमलदार निघून गेले, इंग्रजांनी आपला हिशेब पाहिला. यशयाच्या पुस्तकात मिसर देशाला मोडक्या बोरूची उपमा दिलेली आढळते. त्यावर टेकणाऱ्याच्या हातात तो शिरतो. उरमियाच्या लोकांचा हात असाच जखमी झाला.

मग काय टिकले? आम्हांस असे दिसते की या साऱ्या हकिकतीत माणसे खरोखर वाचली ती बहुधा जुन्या शेजारधर्मामुळे. कुर्दांना दिलेले औषध, मुसलमानांशी राखलेली ओळख, भेद न करता वाटलेले धान्य. यानेही सर्वजण वाचले नाहीत, हे आम्ही कबूल करतो. पण बंदुकीने मिळविलेला विजय सहा महिनेही टिकला नाही, आणि डॉक्टरांची पुण्याई पस्तीस वर्षे पुरली.

गोवा, इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगावकडच्या आपल्या मंडळ्या लहान आहेत. आपल्यावर, देवाच्या कृपेने, उरमियासारखी वेळ आलेली नाही. पण जवळच्या शेजाऱ्यापेक्षा दूरच्या बलवानाचा आधार बरा, हा मोह लहान समाजाला नेहमीच पडतो. कधी तो बलवान परदेशी मिशन असतो, कधी एखादा पुढारी, कधी पक्ष. त्यांची मदत घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. आपल्या पेठेतल्या, वाड्यातल्या, चाळीतल्या माणसाशी असलेले नाते त्यासाठी तुटू देऊ नये, एवढेच आमचे सांगणे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक विनंती. ही गोष्ट मुलांना सांगताना तुर्क वाईट, कुर्द वाईट, ख्रिस्ती चांगले अशी सांगू नका. ख्रिस्ती कुटुंबांना लपविणारे मुसलमान त्यांना सांगा. ख्रिस्ती लोकांनी घेतलेला सूडही त्यांना सांगा. आणि मग शेड यांच्याविषयी सांगा. त्यांनी पद घेतले ते योग्य की अयोग्य याबद्दल मोठी मुले वाद घालतील, घालू द्या. आम्हांस वाटते की त्या पदाने काम साधले त्याहून अधिक ते अडले. पण त्या मनुष्याने पदाचा उपयोग स्वतःच्या सुटकेसाठी केला नाही, याविषयी वाद नाही. कॉन्सलला सुरक्षित मार्ग मिळू शकतो. त्यांनी कळपाचा मार्ग धरला, तोही शेवटच्या मेंढराच्या मागून.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांसाठी काय देतो हे आपण योहानाच्या शुभवर्तमानात वाचतो. तो पाठ पुढच्या वेळी वाचताना सैन कलाजवळची ती कबर आपल्या डोळ्यांपुढे यावी, आणि आपल्या मंडळीत मागे राहिलेला, थकलेला, उपासनेस यायचे सोडलेला असा कोण आहे याचा आपण शोध घ्यावा, अशी आमची प्रार्थना आहे.